घरची साक्ष

आमच्याकडं माणूस मेल्याशिवाय त्याच्यावर कुणी लिहीत नाही. मेल्यावर लिहितात, आणि मग सगळं गोडगोड लिहितात. द्वारकाबाई अजून साठीचीही नाही आणि मी पंच्याहत्तरीला टेकले. तिच्यासाठी थांबले तर हे राहूनच जाईल. तिला विचारलं. ती म्हणाली, "लिवा की बाई. फकस्त माजं वय वाढवू नका."

द्वारकाबाई म्हणजे सोयाबीन आणि तुरीच्या रानात राबणारी, बुटकी, सावळी, चौथी शिकलेली बाई. शनिवारी प्रार्थनाघर झाडते, सतरंज्या झटकते. प्रभुभोजनाची भाकर तिच्याच तव्यावर होते. मंडळीत तिचं तोंड उघडायचं ते गीत म्हणायला, आणि तेही बेसूर. हिच्यावर लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या त्या रविवारी तिनं एक शब्द उच्चारला आणि मी अजून त्या धक्क्यातून नीट बाहेर आलेली नाही.

माकणी आणि सास्तूरच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. मी सोलापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथं परत आले. इथं आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. पत्र्याचं प्रार्थनाघर, उजवीकडं पुरुष, डावीकडं बायका. पाळक तालुक्याहून महिन्यातून एखाद्या रविवारी मोटारसायकलवर येतात. बाकी सगळं चालवतात ते मंडळीचे 'वडील'. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला म्होरक्या. उपासना तो चालवतो, भांडणं तो मिटवतो, आजाऱ्याकडं तो जातो. पाळकापेक्षा त्याचाच शब्द जास्त चालतो.

आधीचे वडील कल्याणप्पा. सीमेकडचा माणूस, मराठी बोलताना मधेच कन्नडात शिरायचा. त्यानं एक प्रथा घातली होती. बायबलात पौलानं तीमथ्याला लिहिलंय ना, की ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, त्यावर कल्याणप्पा म्हणाला, मग घरालाच विचारू. वडील निवडायचा तर आधी त्याच्या घरचं माणूस भर मंडळीत उभं करायचं आणि विचारायचं, "हा माणूस घरात आणि मंडळीत एकच आहे का?" याला आम्ही 'घरची साक्ष' म्हणतो. पहिली साक्ष त्याच्याच बायकोची, लक्ष्मम्माची. ती म्हणाली होती, "एकच हाय. हितं प्रार्थनेत डुलक्या घेतो, घरी बी घेतो." सगळी मंडळी हसली आणि कल्याणप्पा वडील झाला.

त्यानंतर वडिलांच्या हाताखालच्या सेवकांच्या निवडीलाही साक्षी झाल्या. बायको उठायची, पदर सावरायची, "व्हय" म्हणायची, बसायची. लग्नात अक्षता टाकाव्यात तसं झालं होतं ते. वर्षानुवर्षं आम्ही तो प्रश्न विचारत होतो आणि त्याला दुसरं उत्तर असू शकतं हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कल्याणप्पा गेला. नवा वडील कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. द्वारकाबाईचा नवरा बब्रुवान.

बब्रुवानला पाहिलं असतंत तर तुम्हीही त्यालाच निवडलं असतं. उंच, ताठ, पांढराशुभ्र सदरा आणि आवाज असा की शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागला की रडणारं लेकरू गप व्हावं. पण त्याचं नाव झालं होतं बांधामुळं.

आमच्या भागात भावाभावांत बोलणं बंद झालं की समजावं, बांध. नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडून घ्यायचं, बांध कोरत कोरत न्यायचा, आणि एके दिवशी हद्दीचा दगडच सरकलेला असतो. बब्रुवान आणि त्याचा धाकटा भाऊ बजरंग यांच्यातही वाद होता. बजरंग आमच्या मंडळीत नाही, त्याचा देवधर्म वेगळा, पण रान लागून. त्यानं सरकारी मोजणी मागवली होती. मोजणीवाले यायच्या आधी बब्रुवान स्वतः उठला, पारावर चार माणसांत बजरंगला म्हणाला, "मोजणी कशाला? तू माजा भाऊ हायस. दगड तुज्या मनानं रोव." आणि लिंबाच्या झाडासकट सगळी पट्टी सोडून दिली. त्यांच्या रानात तेवढीच सावलीची जागा.

असा माणूस आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता. पाळक अमरनाथसाहेबांनी त्याच्यावर संदेश दिले, म्हणजे उपासनेत प्रवचनं केली. लोक आपापल्या बांधाची भांडणं घेऊन त्याच्याकडं येऊ लागले आणि तो न्याय करू लागला. मंडळीतल्याच शंभुलिंगानं त्याच्या शब्दावर चुलत्याला चार तासं जमीन परत दिली. 'बांध सोडलेला माणूस' म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखू लागली.

तर तो रविवार. मांडव घातलेला, चुलवणावर मटण शिजत होतं, हार आणून खिळ्याला अडकवलेला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच फुलांची चित्रं आणि अभिनंदनं पडली होती. निवड व्हायची होती, पण आमच्या लोकांना दम कुठला.

अमरनाथसाहेबांनी प्रार्थना केली. मग हसतमुखानं बायकांच्या बाजूला वळले.

"द्वारकाबाई, उभ्या राहा. देवाला साक्षी ठेवून सांगा. बब्रुवान घरात आणि मंडळीत एकच माणूस आहे का?"

ती माझ्या शेजारीच बसली होती. उठली. पदर नीट केला. मी चष्मा पुसत होते, कारण पुढं वाचन माझ्याकडं होतं.

"न्हाय," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, "देवाची स्तुती असो" म्हणाले आणि पुढच्या गीताचा नंबर सांगायला पुस्तक उघडलं. इतकी सवय. मग त्यांचा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"न्हाय साहेब. एक न्हाय. दोन हायत."

मागं कुणीतरी हसलं. लक्ष्मम्माच्या साक्षीसारखी गंमत असणार असं वाटून आणखी दोघं-तिघं हसले.

"म्हणजे कसं?" साहेबांनी विचारलं.

"हितला लई चांगला बोलतो. घरातला माज्याशी बोलतच न्हाय. लेक सासरी गेलेली, घरात आमी दोघंच. लई वर्सं झाली. एक शबूद न्हाय."

आता कुणी हसलं नाही.  मी बब्रुवानकडं पाहिलं. तो शांत उठला, साहेबांकडं बघून त्याच त्या गोड आवाजात म्हणाला, "साहेब, तिची तब्येत बरी न्हाय. रातभर झोप न्हाय तिला." आणि मग तिच्याकडं वळून, किती मायेनं, "द्वारका, बस खाली. पाणी देऊ का?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. कुणीतरी ओळखीचं लांबून येताना दिसावं आणि खात्री होऊ नये, तसं.

"आज बोलले," ती म्हणाली. "लोकं हायत म्हणून. आता घरी चला आन् बोला."

बब्रुवान तिथंच खाली बसला.  साहेबांनी चाचरत विचारलं, "पण का बोलत नाहीत ते?"

"ते त्यांनी सांगावं. मला इचारलं त्येचं उत्तर म्या दिलं." आणि ती बसली.   

निवड पुढं ढकलली. मटण मात्र पुढं ढकलता येत नाही, तेव्हा सगळे खाली मान घालून जेवले. हार खिळ्यालाच राहिला.

दुसरा धक्का मला मंडळीनं दिला. मला वाटलं होतं, लोक बब्रुवानला जाब विचारतील. कसलं काय. हात धुताना बानूबाई म्हणाली, "नवरा बोलत न्हाय म्हणून कुणी मंडळी बुडवतं व्हय? आमचा तर बोलतो, आन् न बोललेला परवडला." दुसरी म्हणाली, "घरातलं घरात ठेवाया पायजे व्हतं." द्वारकाबाईला तिच्या लेकीचा, दीपमालाचा कळंबहून फोन आला. "आई, तू बाबांना तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मारत नाही, पीत नाही, बाहेर लफडं नाही, मग तक्रार कसली, हाच सगळ्यांचा सूर.

एकटी लक्ष्मम्मा काठी आपटत म्हणाली, "उत्तर ऐकायचं न्हाय तर प्रश्न कशाला इचारता? माज्या माणसानं तो काय गाणं म्हणून बसिवला व्हता?"

सोमवारी मी द्वारकाबाईकडं गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी चिडलेलीच होते. कुणावर, ते ठरलं नव्हतं.

"मला आधी सांगायला काय झालं होतं? रोज भेटतेस."

"काय सांगायचं? मारलं तर वळ दावता येतो. न बोललेलं कसं दावायचं?"

"आणि घरात चालतं कसं मग? जेवायला काय, पाणी पाहिजे…"

ती आत गेली, पितळी तांब्या घेऊन आली. तिनं नखानं वाजवून दाखवलं. टक्, टक्.

"असं वाजवतेत अंगठीनं. दोनदा वाजलं की पाणी. ताटावर वाजलं की भाकर. बैलाला तरी हो-हो म्हणतेत बाई. बैलाशी लई गोड बोलतेत. म्या गोठ्याच्या भिंतीशी बसून ऐकते कदी कदी."

  तिच्या घरी मी चहा प्यायला बसलेली असताना तो आदरानं "द्वारका, बाईंना साखर कमी टाक" म्हणायचा. मी गेले की तांब्या.

"मग काल 'व्हय' का नाही म्हणालीस? निभावलं होतंस ना इतकी वर्षं?"

"मालकाला साक्षी ठेवून इचारलं असतं तर म्हणले असते. देवाला साक्षी ठेवून इचारलं."

बोलणं कशावरून बंद झालं ते तिनं मला सांगितलं नाही. "त्येंचं हाय ते," एवढंच. सूप पुन्हा हलायला लागलं.

तिसरा धक्का दुधाच्या किटलीबरोबर आला. बजरंगकडं म्हशी आहेत, मला दूध तोच घालतो. त्या आठवड्यात तो माझं पातेलं हातात घेऊन उभा राहिला आणि दूध ओतायचंच विसरला.

"बाई, वैनीला लोक येडी म्हणायला लागलेत," तो म्हणाला. "म्या शपथ घेतली व्हती, पर आता ऱ्हावत न्हाय."

मग त्यानं सांगितलं. हद्दीचा दगड आपसूक सरकला नव्हता. बाजारच्या दिवशी सगळं शिवार रिकामं असताना बब्रुवाननं पहारीनं तो उपटून लिंबाच्या पलीकडं रोवला. द्वारकाबाई भाकर घेऊन गेली होती, तिनं बघितलं. "मुळानं कलला व्हता, नीट केला," बब्रुवान तिला म्हणाला. ती त्या वेळी गप्प राहिली. पण पुढं मोजणी ठरली. बब्रुवाननं ठरवलं होतं की मोजणीवाल्यांसमोर शास्त्रावर हात ठेवून सांगायचं, दगड बापाच्या वेळचा आहे. ते ऐकल्यावर ती उठून बजरंगच्या घरी गेली.

"म्हणली, भावजी, दगड लिंबाच्या आमच्या अंगाला व्हता, तुमी घट्ट ऱ्हावा. पर माजं नाव घेऊ नका आन् त्येंना खाली बघाया लावू नका. मग घरी जाऊन दादाला बी सांगितलं, म्या सांगून आले म्हणून. दुसऱ्या दिवशी दादा पारावर आला आन् 'तू माजा भाऊ हायस' म्हणला. म्या काय बोलणार? माजं रान मला मिळालं. लोक मला इचारायचे, केवढ्या मनाचा भाऊ तुजा. म्या म्हणायचो, व्हय."

मी खुर्चीवर बसले. दूध त्यानं किती घातलं ते मी पाहिलं नाही. ज्या गोष्टीवर साहेबांनी संदेश दिले, ज्या एका कृत्यावर त्या माणसाचं सगळं मोठेपण उभं होतं, ते कृत्य त्याचं नव्हतंच. ते या बाईचं होतं. आणि ते केलं म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वर तिच्या तोंडाकडं बघत दर रविवारी शास्त्र वाचत होता.

माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळला असेल. मी चप्पल घातली आणि साहेबांना फोन लावतच द्वारकाबाईकडं निघाले. अंगणात पोचताच तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. चक्क काढून घेतला.

"बजरंगभावजींनी सांगितलं न्हवं? सांगू नका साहेबाला."

"अगं, लोक तुला वेडी म्हणताहेत. आणि तो वडील होऊन बसेल."

"तुमी सांगितलं तर ते सापडतील बाई. त्येंनी सांगितलं तर सुटतील. मला ते सापडाया नको हायत."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर पुढच्या टायमाला बी म्या न्हाय म्हणीन."

फोन तिनं परत दिला, पण नजर अशी की मी तो पिशवीत घातला. साहेबांना सांगायचं नाही, ठीक. पण त्याच्याशी बोलायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती.

बब्रुवान रानात होता. बांधाच्या अलीकडं उन्हात बसलेला. लिंबाची सावली पलीकडं पडली होती, बजरंगच्या रानात. मला बघून उठला. "या बाई. एवढ्या लांब कशाला आलात?"

"दाविद राजाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्टा गेला तेव्हा त्यानं आधी मेंढीची गोष्ट सांगितली," मी म्हणाले. "मला तेवढा धीर नाही. सरळ विचारते. दगड कुठं होता?"

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मोठं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की काटे तसेच राहतात ना, तसा तो चेहरा राहिला. हसू तसंच, आत काही चालत नाही.

"तिनं सांगितलं," तो म्हणाला.

"नाही. बजरंगनं. ती अजून तुझी अब्रू झाकत बसली आहे. मला फोन करू दिला नाही तिनं."

तो खाली बसला. ढेकूळ उचललं, चुरलं.

"पयल्या दिवशी राग व्हता बाई. भावासमोर माजी मान कापली म्हणून. म्हणलं, आठ दिवस बोलायचं न्हाय. तेवढ्यात लोक मला मोठं म्हणाया लागले. साहेबांनी संदेश दिला. मग राग गेला आन् भ्या आलं. घरात तोंड उघडलं तर पयला शबूद दगडाचा निघणार, दुसरं काय निघणार? म्हणून उघडलंच न्हाय. भाइर कसंय, भाइर कुणाला म्हाईत न्हाय. बोलता येतं."

"म्हणजे सगळ्या जगात तुझं खरं ठाऊक असलेलं एकच माणूस, आणि त्याच्याशीच तू बोलत नाहीस."

"व्हय," तो म्हणाला.  मी निघायला वळले. त्याला माफ करायला मी कोण, आणि करायची इच्छाही नव्हती. एवढंच सांगितलं, "मी गप्प बसणार आहे. माझ्यासाठी नाही, तिनं सांगितलंय म्हणून."

दोन रविवार तो उपासनेला आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि पुढं न बसता मागं दाराशी बसला. साक्षीची वेळ आली, म्हणजे कुणाला देवानं काय दिलं, काय शिकवलं ते सांगायची वेळ. तो उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार आणि आपल्या आवाजानं सगळ्यांना रडवणार, पश्चात्तापाचंही एक भाषण करणार. 

पण त्याचा आवाजच लागेना. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग जे निघालं ते एका साध्या, घोगऱ्या शेतकऱ्याचं बोलणं.

"म्या बांध सोडला न्हाय. दगड म्याच हलवला व्हता. माज्या बायकोनं बजरंगला खरं सांगितलं, म्हणून सोडावा लागला. तुमी मला चांगला म्हणला, म्या म्हणू दिलं. आन् तिनं खरं सांगितलं म्हणून तिच्याशी बोललो न्हाय. ती त्या दिशी म्हणली ते खरं हाय. दोन हायत. निवडीतनं माजं नाव काढा."

दारात बजरंग उभा होता, हातात चपला घेऊन. त्याला कुणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. प्रार्थनाघरात तो त्याआधी कधी आला नव्हता.

कुणी आमेन म्हणालं नाही.  पाळकसाहेबांनी ती गोष्ट किती गावांत सांगितली होती ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी पुरुषांच्या बाजूनं शंभुलिंग उठला. रागानं लाल.

"मग माज्या बांधाचं काय? तुज्या शब्दावर म्या चुलत्याला चार तासं दिली. तू कोण लागून गेलास निवाडा करणारा?"

"तुजा निवाडा बरोबर व्हता शंभू," बब्रुवान म्हणाला. "दगड कसा सरकवतेत ते मला म्हाईत व्हतं. तुजा बघताच वळखला."

आणि शंभुलिंग, भर उपासनेत, मटकन खाली बसला. लक्ष्मम्मा पदरात तोंड खुपसून हसायला लागली. तिच्या हसण्यानं बाकीच्यांना श्वास घेता आला.

द्वारकाबाई खाली बघत होती. रडली वगैरे नाही. सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती आणि उलगडत होती.

मला घाई. सोमवारी सकाळीच विचारलं, "काय? बोलला का?"

"बोलले," ती म्हणाली. "सांच्याला जेवाया बसले. तांब्याकडं हात नेला, मागं घेतला. लई येळ झाला. मग म्हणले, 'पाणी दे.'"

"इतक्या वर्षांनी बोलला आणि काय, तर पाणी दे?"

"तेच मला बी वाटलं. म्या उठलेच न्हाय. म्हणलं, कुणाला म्हणताव? हितं कोण हाय? तर म्हणले, 'द्वारका, पाणी दे.'" ती थांबली. "लोकं नव्हती बाई. कुणी सुदीक नव्हतं. दोघंच व्हताव."

"मग दिलंस?"

"दिलं की. तहान लागली व्हती माणसाला."

त्यानंतर वर्षभर मंडळीला वडील नव्हता. उपासना आम्ही आळीपाळीनं चालवली, वाईट चालवली. बब्रुवान प्रार्थनाघराबाहेर चपला सरळ लावायचा, आजाऱ्यांकडं जायचा, कुणी बांधाचं भांडण आणलं तर म्हणायचा, आधी घरच्या बाईला विचारून या. लोक बिचकायचे. दोन भांडणं त्या एका वाक्यावरच मिटली, असं म्हणतात.

गेल्या महिन्यात पुन्हा निवडीची वेळ आली आणि पुन्हा त्याचंच नाव निघालं. ते काढलं शंभुलिंगानं, हाही एक धक्काच. हार या खेपेला कुणी आणला नव्हता आणि व्हॉट्सॲपवरही सगळे गप्प. अमरनाथसाहेब बायकांच्या बाजूला वळले तेव्हा त्यांच्या हातातलं गीतांचं पुस्तक मिटलेलं होतं. प्रश्न त्यांनी सावकाश विचारला, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की अख्खी मंडळी उत्तरासाठी थांबली आहे.

द्वारकाबाई उठली. नवऱ्याकडं बघितलं. तो दाराशी बसला होता आणि तिच्याकडंच बघत होता. त्याला वडील व्हायचं होतं, ते लपत नव्हतं. पण त्यानं नजर वळवली नाही.

"बोलतेत आता," ती म्हणाली. "लई बोलतेत, कदी कदी गप बसा म्हणावं लागतंय. पर हितला आन् घरातला अजून जरा लांब लांब चालतेत. एकाला दुसऱ्याला गाठाया येळ लागंल." मग साहेबांकडं वळून, "अजून न्हाय, साहेब. पुढल्या वर्सी इचारा."

मी बब्रुवानकडं पाहिलं. हा पुन्हा बोलणं टाकणार अशी मला भीती वाटली होती, ती मी लपवत नाही. त्यानं मान डोलावली, हळू, दोनदा, बाजारात मापात पडलेलं धान्य बघून शेतकरी डोलावतो तशी.

"बरोबर हाय," तो म्हणाला. त्याच घोगऱ्या आवाजात.